ध्वनिशास्त्राच्या स्पर्धांत मोजणीची वही तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ध्वनिशास्त्र आणि श्रवणरक्षण या विषयांवर विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती स्पर्धा होतात, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. गोंगाटाने गेलेले ऐकू येणे औषधाने परत येत नाही. आतल्या कानातील केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून हा विषय शाळा-कॉलेजच्या वयातच हाताळला गेला पाहिजे. मात्र अशा स्पर्धांत देखणे तक्ते आणि सुबक मॉडेल भाव खाऊन जातात, आणि तक्त्यातले डेसिबलचे आकडे आले कुठून हे कोणी विचारत नाही. आयोजक, मार्गदर्शक शिक्षक आणि स्पर्धक यांच्यासाठी काही गोष्टी आपल्या दैनिकातून मांडाव्यात म्हणून हे पत्र.

पहिली चूक मोबाईलच्या ॲपपासून सुरू होते. फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठा आवाज आला की फोन आपणहून तो दाबतो, बारीक आवाज उचलून धरतो आणि खर्जाचा भाग बराचसा गाळतो. त्यामुळे दोन फोन शेजारी ठेवले तरी आकडे जुळतीलच असे नाही. साउंड लेव्हल मीटर, म्हणजे आवाजाची पातळी मोजण्याचे खास यंत्र असेल, तर मोजणीआधी आणि मोजणीनंतर त्यावर कॅलिब्रेटर, म्हणजे ठरलेल्या पातळीचा आवाज देणारे तपासणीचे साधन, बसवून पाहावा. तो १००० हर्ट्‌झला ९४ डेसिबल, म्हणजे १ पास्कल दाब देतो. दोन्ही वेळच्या वाचनांत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक पडला तर मधली सगळी मोजणी रद्द करून पुन्हा करावी. फोनवर कॅलिब्रेटर बसत नाही. तेव्हा तपासलेला मीटर आणि फोन एकाच आवाजात शेजारी ठेवून साधारण ६०, ७५ आणि ९० डीबीए (माणसाच्या कानाच्या संवेदनशीलतेनुसार तोललेले डेसिबल) अशा तीन पातळ्यांना दोघांतला फरक लिहून घ्यावा. वरच्या पातळीला फरक एकदम वाढला तर समजावे की फोन तिथे निरुपयोगी आहे. मीटर तिवईवर, जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंच आणि भिंतीपासून किमान एक मीटर लांब असावा. छातीशी धरला तर अंगावरून परतलेला आवाजही मोजला जातो.

दुसरी चूक बेरीज-सरासरीची. एक तास ८० आणि एक तास ९० डेसिबल असेल तर सरासरी ८५ येत नाही, ८७.४ येते. डेसिबल हे लॉगरिदमचे माप आहे, म्हणून सरासरी ऊर्जेची काढून मग परत डेसिबल करावे लागतात. पार्श्वभूमीच्या, म्हणजे आजूबाजूच्या गोंगाटाचेही तसेच. यंत्र चालू असताना ६२ आणि बंद असताना ५९ वाचन आले, तर यंत्राचा स्वतःचा आवाज ५९ च आहे. फरक १० डेसिबलच्या वर असेल तरच पार्श्वभूमी सोडून देता येते.

‘सुरक्षित वेळ’ लिहिताना तर फारच गल्लत होते. अमेरिकेतील नायोश या कामगार-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेची शिफारस ८५ डीबीएला ८ तास अशी आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. तिथल्याच ओशा या कामगार-सुरक्षा खात्याचा कायदेशीर नियम ९० डीबीएला ८ तास आणि दर ५ डेसिबलला निम्मा वेळ असा आहे. १०० डीबीएला पहिला नियम १५ मिनिटे देतो, दुसरा २ तास. एकाच तक्त्यात दोन्हींची सरमिसळ झाली की निष्कर्षाला अर्थ उरत नाही. कोणता नियम धरला ते वर स्पष्ट लिहावे. कान वाचवण्याचा हेतू असेल तर पहिलाच धरावा, असे आमचे मत आहे.

आता खोल्यांच्या प्रकल्पांविषयी, कारण सर्वांत जास्त शिकण्यासारखे त्यातच आहे. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून ‘साउंडप्रूफ’ खोली केल्याचे मॉडेल आता थांबायला हवे. ट्रे थोडा तीव्र स्वराचा आवाज शोषतात, खर्जाला काहीच करत नाहीत आणि पलीकडे जाणारा आवाज अडवत नाहीत. वर ते चटकन पेट घेतात. आवाज शोषणे आणि आवाज अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. अडवायला वजन लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. दोन मीटर उंच दाराखाली एक सेंटिमीटरची फट राहिली तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम अर्धा टक्का होते. तरी तेवढ्याने दार कितीही जड असले तरी अडवण्याची क्षमता २३ डेसिबलच्या वर जात नाही. फट उघडी, कापडाने बुजवलेली आणि रबरी पट्टी लावलेली, अशी तीन वाचने घेतली तरी उत्तम प्रकल्प होतो.

घुमणाऱ्या वर्गखोलीचा प्रकल्प करायचा तर अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांच्याकडे पाहावे. १८९५ पासून त्यांनी हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहात शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आवाज शोषण्यासाठी रात्री आणून टाकल्या आणि ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजले. त्यातून आलेले सूत्र साधे आहे: निनादकाळ (आवाज विरायला लागणारा वेळ) = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण (प्रत्येक पृष्ठभागाचे क्षेत्रफळ × त्याचा शोषण-गुणांक, यांची बेरीज). ९ × ७ × ३.२ मीटरची खोली घ्या. घनफळ सुमारे २०२ घनमीटर. निनादकाळ १.६ सेकंद आला तर शोषण सुमारे २० चौरस मीटर ठरते. वर्गासाठी ०.६ सेकंद हवे असतील तर ते ५४ लागेल, म्हणजे ३४ ची भर. ०.८ गुणांकाचा फलक ०.०५ गुणांकाच्या जागी लावला तर प्रत्येक चौरस मीटरमागे ०.७५ मिळते, तेव्हा सुमारे ४५ चौरस मीटर फलक हवेत. छतच ६३ चौरस मीटर आहे, त्यावर ते मावतात. हे गणित मांडून, मोजून, मग पुन्हा मोजणारा विद्यार्थी शिष्यवृत्तीला पात्र आहे, मग त्याचे पोस्टर हाताने लिहिलेले का असेना.

मोजताना फुगा फोडला तर चालतो, पण पार्श्वभूमीपेक्षा निदान ३५ डेसिबल वर आवाज गेला पाहिजे, नाहीतर विरत जाणाऱ्या आवाजाची शेपटी गोंगाटात बुडते आणि काळ खोटाच लांब दिसतो. फुग्यात १२५ हर्ट्‌झच्या आसपास जोर कमी असतो, तिथला आकडा जपून वापरावा. निदान दोन जागी फुगे फोडून तीन जागी मोजावे आणि खोलीत किती माणसे होती ते लिहावे. माणसेही आवाज शोषतात.

श्रवणरक्षणाच्या गटात इअरप्लगचा विषय हवाच. फोमचा प्लग बोटांनी बारीक आणि सुरकुती न पडता वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर व मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. समोरून पाहताना प्लग कानाबाहेर डोकावत असेल तर तो बसलेला नाही. आणखी एक हिशेब मुलांना करायला लावावा: ३० डेसिबल अडवणारा प्लग ८ तासांत फक्त अर्धा तास काढला, तर दिवसाचे संरक्षण उरते सुमारे १२ डेसिबल. यासाठी वही आणि घड्याळ पुरते, कोणाचा कान धोक्यात घालावा लागत नाही.

ही अट आयोजकांनी ठाम ठेवावी. प्रयोगासाठी कोणालाही मोठा आवाज ऐकवू नये. कानाची तपासणी करायची असेल तर ऑडिओलॉजिस्टच्या देखरेखीखाली, शांत खोलीत, आदल्या १४ तासांत गोंगाट टाळून आणि पालकांच्या लेखी संमतीने. बाहेरचा गोंगाट ५०० हर्ट्‌झचा हळू स्वर झाकतो आणि निरोगी मूल ‘कमी ऐकणारे’ ठरते. ४००० हर्ट्‌झच्या आसपास श्रवण-आलेखात खळगा, म्हणजे तिथे ऐकू कमी येत असल्याचे, दिसले तर तो त्या मुलाला आणि पालकांना खासगीत सांगावा. नाव घालून तक्त्यावर तर मुळीच लावू नये.

आयोजकांना आमची विनंती नेमकी आहे. नियमपत्रकात कच्च्या नोंदींची मूळ वही सक्तीची करा. तिच्यात तारीख, मीटरचा प्रकार, आधीचे-नंतरचे कॅलिब्रेशन आणि फसलेली वाचनेही असावीत. परीक्षकांनी सभागृहातच स्पर्धकाला एक मोजणी पुन्हा करायला सांगावी. आणि बक्षिसाच्या रकमेतला एक हिस्सा बाजूला काढून एक मीटर आणि एक कॅलिब्रेटर घ्यावा, तो नोंदणी केलेल्या शाळांना पाळीपाळीने दोन-दोन आठवडे वापरायला द्यावा.

आपले,
ध्वनिमापन आणि श्रवणतपासणीचे काम करणारे काही वाचक