माळावरच्या टोळीचे कायदे : मुक्ताला पत्र

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीतल्या लांडग्यांच्या राज्याची टाचणं वाचली. सुप्याच्या माळापासून कऱ्हेच्या काठापर्यंतचा मुलूख, सहा मोठे आणि चार पिल्लं, अल्फा-बीटा-ओमेगा अशा पायऱ्या, बारा कायदे आणि एक वैदू. मुलूख आणि टोळीचा आकार चांगला धरलास, दख्खनच्या माळावर याहून फार मोठी टोळी पोसली जात नाही. पायऱ्या मात्र मोडाव्या लागतील. आणि प्रत्येक कायद्यापुढे एक प्रश्न लिहून काढ : हा मोडला तर कोण उपाशी राहतं किंवा कोण मरतं? ज्या कायद्यापुढे उत्तर येणार नाही, तो सरळ खोड.

आधी पायऱ्यांचं बघू. अल्फाची, म्हणजे मारामारीत सगळ्यांना नमवून म्होरक्या झालेल्याची, कल्पना प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ सालच्या अभ्यासातून पसरली. त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहिले होते. एकाच आवारात कोंडलेले, पळून जायला जागा नाही, त्यामुळे सतत मारामाऱ्या आणि मारामारीतून उतरंड. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० सालच्या आपल्या पुस्तकात ही मांडणी पुढे नेली. मग १९८६ पासून कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे जवळून पाहिल्यावर १९९९ साली त्यांनीच लिहिलं की मोकळ्या रानातली टोळी म्हणजे एक कुटुंब असतं : आई, बाप आणि त्यांची गेल्या दोन-तीन वर्षांतली पोरं. बाप कुणाला हरवून बाप होत नाही. म्हणून तुझा नायक थोरल्याला लोळवून गादी घेतो, ते पिंजऱ्यातल्या लांडग्याचं वागणं झालं. तुझ्या माळाला कुंपण नाही. ज्याला पटत नाही तो निघून जाईल, आणि तुझ्या कथेला खरा ताण तिथूनच मिळेल.

पायऱ्यांऐवजी कामं ठरव. तुझ्या सहा जणांची मी अशी विभागणी केली असती : थोरला आणि थोरली, त्यांची दोन वर्षांची लेक 'सांभाळी', वर्षाचे दोन 'धावते' आणि एक 'जाणता', थोरल्याचा म्हातारा भाऊ. सांभाळी पिल्लांपाशी थांबते, शिकारीला जात नाही, म्हणून तिचा वाटा इतरांनी पोटातून आणून तिच्यापुढे ओकायचा. धावत्यांचं काम सावज हाकण्याचं, त्यांना अजून अंदाज नसतो आणि लाथा तेच खातात. जाणत्याला तू 'ओमेगा' करून शेवटी उष्टं खायला लावलंस, ते मला मुळीच पटलं नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५-९६ साली लांडगे पुन्हा सोडले. तिथल्या टोळ्यांमधल्या झुंजींच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की सहा वर्षांपुढचा एखादा जरी सोबत असला, तरी टोळी जिंकण्याची शक्यता बरीच वाढते. म्हाताऱ्याचे दात झिजलेले असतात, पण झुंज कधी घ्यायची आणि कधी टाळायची हे त्याला कळतं. त्याला पोसणं ही दया नाही, गरज आहे. शेजारची टोळी सीमेवर आली की त्याचा शब्द थोरल्याच्याही वर, असा कायदा कर.

मुजऱ्यासाठी तुला नवं काही रचावं लागणार नाही. पिल्लू भुकेलं की मोठ्याच्या तोंडाचे कोपरे चाटतं, त्याने मोठ्याला ओकारी येते आणि पिल्लाला जेवण मिळतं. मोठेपणी हीच क्रिया सलामीची होते : कान मागे, शेपूट खाली, अंग आखडून तोंडाखाली चाटणं. तुझ्या शपथविधीत गुडघे टेकणं आहे, ते काढून हे घाल. पाठीवर उताणं पडणं फक्त मोठ्या अपराधासाठी ठेव, रोज रोज कुणी उताणं पडलं तर त्याचं वजन जाईल.

आता खाण्याचे कायदे. इथे थोडा हिशोब कर, कारण तुझी सगळी राज्यघटना यावर उभी राहणार आहे. आपल्याकडचा लांडगा वीस किलोच्या आसपास, त्याला रोज साधारण दीड ते दोन किलो मांस लागतं. सहा मोठ्यांचे दहा-अकरा किलो, चार पिल्लांचे मिळून आणखी दोनेक. पूर्ण वाढलेली चिंकारा वीसेक किलोची. पोटातला चारा, शिंगं, मोठी हाडं वगळली की चौदा-पंधरा किलो उरतात, म्हणजे जेमतेम एका दिवसाची सोय. ससा दोन किलोचा. आणि शिकार रोज साधत नाही, दोन-तीन दिवस कोरडे जाणं नेहमीचंच.

म्हणून दोन वेगळे कायदे हवेत. सावज मोठं असेल तर सगळ्यांनी एकदमच तोंड लावायचं, रांग नाही. रांग लावली तर पहिला जेवेपर्यंत कुत्री आणि माणसं पोचतात. सावज लहान असेल आणि दिवस टंचाईचे असतील तर ते थोरला-थोरलीच्या ताब्यात, आणि त्यातलं आधी पिल्लांना. तुझ्या तिसऱ्या प्रकरणात धावत्याने ससा एकट्याने खाल्ला आणि कुणी काही बोललं नाही. माझ्या मते टोळीतला सर्वांत मोठा गुन्हा तोच.

याशिवाय एक कायदा खऱ्या लांडग्यांत आहेच, तो उचल : तोंडातला आणि तोंडापुढचा घास ज्याचा त्याचा. सर्वांत दुबळा लांडगासुद्धा आपल्या तोंडापाशी, हातभर अंतरात असलेलं मांस राखतो आणि थोरलाही ते सहसा ओढून घेत नाही. कारण सरळ आहे. घासासाठी दात लागले तर जखमी होणारा उद्या शिकारीत धावणारा असतो. तुझ्या कथेत न्यायनिवाड्याचे प्रसंग याच हातभर जागेवर घडू देत : घास तोंडापासून किती लांब होता, मान वळली होती का, कुणी आधी सोडला.

मेंढ्यांबद्दल तू 'माणसाच्या धनाला दात लावू नये' असा कायदा केलास. सुंदर वाटतो, पण त्याने टोळी मरेल. माळावरचा लांडगा शेळ्या-मेंढ्यांवर बऱ्याच अंशी जगतो आणि धनगरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कायदा असा असावा : चरताना मागे पडलेलं एकच उचलायचं, वाघुरीत, म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावलेल्या जाळीत, शिरायचं नाही. जाळीच्या आत मेंढरांना पळता येत नाही, ती अंगावर येत राहतात आणि लांडगा गरजेपेक्षा कितीतरी जास्त मारून टाकतो. मग लोक बीळ शोधतात, तोंडाशी धूर करतात, दगड भरतात. एका रात्रीच्या हावेची किंमत अख्ख्या वेताने द्यायची. दिवाळीनंतर धनगरांचे बरेच वाडे, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारे तांडे, कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात, तेव्हा हा कायदा पाळणं कोणत्या महिन्यात सोपं आणि कोणत्या महिन्यात अवघड, हेही धरून लिही.

टोळी सोडण्याचा कायदा तू हद्दपारीसारखा लिहिलास. खरं तर वर्ष ते तीन वर्षांच्या दरम्यान बहुतेक पोरं आपणहून निघतात, कारण घरी जोडीदार नाही आणि अन्न पुरत नाही. त्याला निरोप असावा, शिक्षा नसावी. एकांड्याने परक्या मुलखात विव्हळायचं नाही एवढं बंधन घाल. उघड्या माळावर तो आवाज काही किलोमीटर जातो, आणि ऐकणारी टोळी पाहुणचाराला येत नसते.

आता वैदू. तू त्याच्यापुढे पाटा-वरवंटा, हळद आणि मातीचं भांडं ठेवलंस. हे सगळं उचल. हळद माळावर उगवत नाही आणि लांडग्याला हात नाहीत. त्याच्याकडे बेचाळीस दात, जीभ, दोन पुढचे पंजे आणि अंगाची ऊब आहे. एवढ्यातच उपचार बसव.

मुळाशी एक साधी अडचण आहे : लांडग्याला स्वतःची तंगडी, कूस, शेपटीचं बूड चाटता येतं, पण मान, डोकं आणि कानामागची जागा चाटता येत नाही. झुंजीतले चावे नेमके तिथेच बसतात. तिथे दुसऱ्याची जीभ लागते, आणि औषधोपचार हा टोळीचा व्यवहार तिथून सुरू होतो. तुझ्या वैदूचं काम मानेपासून पुढे, बाकीचं ज्याचं त्याने बघावं, अशी वाटणी कर.

सुळ्याची जखम बाहेरून वाटाण्याएवढी आणि आत बोटभर खोल असते. वरचं तोंड दोन दिवसांत मिटतं, आत घाण राहते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी गळू टरारतं, अंग तापतं, खाणं सुटतं. म्हणून चाटणीचा खरा हेतू तोंड उघडं ठेवणं हा. आधी पुढच्या बारीक दातांनी कडेचे केस कुरतडून काढायचे, कारण केस आत वळले की पू होतो. मग थोडा थोडा वेळ, दिवसातून पाच-सहा वेळा चाटायचं. सलग चाटत बसलं तर नवी कातडी सोलवटते आणि जखम महिनाभर ओली राहते. लाळेत थोडा जंतुनाशक गुण असतो, पण तोंडात जंतूही भरपूर असतात, त्यामुळे कुजकं मांस खाऊन आलेल्याने त्या दिवशी चाटणीला बसू नये, असा नियम शोभेल. पावसाळ्यात माशा बसतात, दिवसाभरात अळ्या पडतात. त्या दातांनी वेचाव्या लागतात, आणि हे काम कुणालाच आवडत नाही, म्हणून ते कुणी करायचं हे कायद्यात लिहिलेलं असावं.

पाला हवाच असेल तर दगडीपाला घे, बांधावर आणि वाटेच्या कडेला सगळीकडे असतो, गावातही कापल्यावर लावतात. वैदूने चावून लगदा जिभेने दाबायचा. जखम कुशीवर असेल तर आजारी लांडगा तो लगदा लगेच चाटून टाकेल, म्हणून पाल्याचा उपयोग मानेवरच. बाभळीचा काटा पंजात गेला तर दातांनी उपटायचा, तुटून आत राहिला तर पंजा सुजून पू होऊन तो बाहेर येईपर्यंत वाट बघायची.

हाडं जोडता येत नाहीत. तरीही रानातल्या लांडग्यांच्या सांगाड्यांत जुळून आलेल्या बरगड्या, कवट्या, तंगड्या सापडतात. विश्रांती आणि अन्न मिळालं तर हाड सहा-आठ आठवड्यांत धरतं, बहुधा वाकडं. तोवर त्याला रोज दीड किलो आणून द्यायचं, आणि तेही धावणारा एक कमी असताना. वरचा हिशोब पुन्हा मांड : हा घास कुणाच्या ताटातून जाणार? तुझ्या वैदूचा खरा अधिकार म्हणजे 'याला पोसा' किंवा 'याला आता पोसू नका' हे सांगणं. पाल्याच्या ज्ञानापेक्षा हे कितीतरी जड आहे. जबडा मोडलेल्याला तर ओकलेलं मऊ अन्नच चालतं, म्हणजे मोठा लांडगा पुन्हा पिल्लासारखा तोंड चाटून मागतो. हा प्रसंग तू लिहावास असं मला फार वाटतं.

खरजेसाठी तू पाण्याचं स्नान दिलंस, त्याने काहीही होत नाही. किडा कातडीत बिळं करतो, केस झडतात, आणि तो अंगाला अंग लागून आणि बिळातल्या मातीतून पसरतो. उपाय टोळीच्या आवाक्यातला आहे : खरजेल्याने वेगळं झोपायचं, आणि पिल्लांना जुन्या बिळातून तोंडात धरून दुसऱ्या बिळात हलवायचं. जुनं बीळ तीन आठवडे बंद. खरे लांडगे बिळं बदलतातच, त्यामुळे हे खोटं वाटणार नाही. कल्पनेतला उपाय म्हणून पिकलेल्या लिंबोळ्यांत लोळणं ठेव, पण त्या उन्हाळा संपता संपता पडतात आणि खरजेचे हाल थंडीत होतात. औषध आहे पण त्याचा हंगाम नाही, ही अडचण सोडवू नकोस, तशीच राहू दे.

आणि पिसाळणं. याला औषध नाही, कथेतही देऊ नकोस. पिसाळलेलं कुत्रं चावलं की आठवडे, कधी महिनेही काही दिसत नाही. एकदा लक्षणं दिसली की काही दिवसांत मरण. या रोगाचा विषाणू लाळेत असतो, म्हणजे ती ताजी जखम चाटणाऱ्या वैदूलाही धोका. त्यामुळे चाटणीआधी 'कुणी चावलं?' हे विचारायचंच, आणि उत्तर 'अनोळखी कुत्रं' असेल तर जखमीने एकट्याने चाटायचं, पावसाळाभर टोळीपासून हाकेच्या अंतरावर राहायचं. त्याचं मांस त्याच्यापर्यंत जाईल, पण तोंडातून ओकून द्यायचं नाही, जमिनीवर टाकून मागे सरायचं. मानेची जखम असेल तर ती कुणीच चाटायची नाही. तुझ्या बारा कायद्यांतला सर्वांत कठोर कायदा हा होऊ शकेल, आणि तो क्रूर नसेल.

एक दुरुस्ती राहिली. पिल्लं तू श्रावणात जन्माला घातलीस. माळावरची बिळं ओढ्याच्या काठात असतात, श्रावणात त्यांत पाणी भरेल. आपल्याकडे पिल्लं थंडीत होतात, बरीचशी डिसेंबरच्या सुमारास, आणि गर्भ बासष्ट-त्रेसष्ट दिवसांचा, म्हणजे जोडी ऑक्टोबरात जमायला हवी. डोळे दहा-चौदा दिवसांनी उघडतात, तिसऱ्या आठवड्यात पिल्लं बिळाच्या तोंडाशी येतात, पाचव्यापासून ओकलेलं मांस खाऊ लागतात. नामकरण पाचव्या दिवशी ठेवलंस ते तिसऱ्या आठवड्यावर ने, तोवर थोरलीशिवाय कुणी त्यांना नीट पाहिलेलंही नसतं. हे महिने बदललेस की वाडे कोकणात गेलेले असण्याचा आणि पिल्लांच्या भुकेचा काळ एकच येईल, आणि तुझं चौथं प्रकरण बरंचसं आपोआप जुळेल. ते बदलून झालं की पुन्हा पाठव, जाणत्याचं काय करतेस ते मला आधी वाचायचंय.

तुझी,
आई