मानशीच्या दाराचा वाद सोडवणाऱ्या बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

खाजनात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीत, भात करणारे शेतकरी, मानशीची पावणी (तिथे मासळी धरण्याच्या हक्काचा लिलाव) घेणारे आणि बांधाला लागून राहणारी घरे, अशा तिघांनी मिळून हे पत्र लिहिले आहे. तिघांच्या सह्या एका कागदावर आल्या आणि तो कागद पावसाळाभर पाळला गेला. हे तुमच्यामुळे झाले. पत्र जाहीर लिहितो, कारण गोव्यातल्या तिसवाडी, बार्देश, सासष्टीत जिथे खाजन आहे तिथे हा वाद थोड्याफार फरकाने असतोच. तुम्ही तो कसा हाताळला ते त्या गावांनाही कळावे.

ज्यांनी मानस पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. बांधातली ही लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात. ओहोटीला तोंडाशी जाळे लावले की सुंगटे (कोळंबी) आणि मासळी मिळते, आणि या हक्काची दरवर्षी पावणी होते. दार भरतीच्या वेळीही खुंटी मारून उघडे ठेवले तर जास्त पाणी आत येते आणि त्याबरोबर जास्त मासळी. पण खारे पाणी शेतात चढते, आणि आत घुसणारा लोंढा बांधाचा पायथा आतून कुरतडतो. भाताचे रोप लहान असताना आणि फुलोऱ्यावर असताना खारटपणा सर्वात कमी सोसते, म्हणजे नेमके पावसाळ्यातच नुकसान मोठे. बांध फुटला तर शेत, मासळी आणि घराची विहीर, तिन्ही एकदम जातात.

तुम्ही पहिली बैठक सगळ्यांची घेतली नाही. प्रत्येक गटाला वेगळे भेटलात आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारलात: "तुम्ही मागता ते मिळाले, तर त्याने तुमचे काय भागेल?" शेतकऱ्यांची मागणी होती की दार बंद ठेवा. तिच्यामागची गरज निघाली ती रोपे वाचण्याची आणि बांध टिकण्याची. पावणीदाराची मागणी होती की रात्री दार आमच्या हातात द्या. तिच्यामागची गरज म्हणजे पावणीत घातलेले पैसे हंगामात परत मिळणे. घरांना मानशीशी काही देणेघेणे नव्हते. जोराच्या पावसात जाळ्यात पालापाचोळा अडकून पाणी तुंबते आणि अंगणात शिरते, एवढाच त्यांचा त्रास. मागण्या एकमेकींच्या आड येत होत्या, गरजा तेवढ्या येत नव्हत्या. सगळ्यांसमोर हाच प्रश्न विचारला असता तर प्रत्येकाने आपल्या गटाला ऐकवण्यासाठी उत्तर दिले असते. म्हणून ही वेगळी भेट कोणी गाळू नये.

आणखी एक गोष्ट तुम्ही आधीच पाहिलीत: येणाऱ्या माणसाला गटाच्या वतीने शब्द देण्याचा अधिकार आहे का? गोव्याचा कूळ कायदा १९६४ चा आणि कुळांच्या संघांचे नियम १९७५ चे. बांधाची डागडुजी आणि मानशीची पावणी ही संघाची कामे असल्यामुळे संघाच्या समितीने ठराव करून माणसे पाठवावीत, हा तुमचा आग्रह होता. अधिकार नसलेल्या माणसाने कबूल केलेले दुसऱ्या दिवशी मोडते. दोष मात्र कराराला लागतो.

एकत्र बैठकीत फळ्यावर तीन रकाने आखले गेले: सर्वांना मान्य, वादाचे, मोजून पाहायचे. आमच्या मते सगळ्यात मोठे काम या तिसऱ्या रकान्याने केले. "पाणी खारट झाले" आणि "काही झाले नाही" यावर तास घालवण्यापेक्षा खारटपणा मोजण्याचे यंत्र आणायचे ठरले. मोजायच्या जागा तिघांनी मिळून निवडल्या. प्रत्येक वेळी १.४१३ डेसिसायमन प्रति मीटरच्या (खारटपणाचे माप) प्रमाण द्रावणात यंत्र आधी तपासायचे, आणि मोजताना दोन वेगळ्या गटांची माणसे हजर हवीत. मुळांजवळच्या मातीतला खारटपणा साधारण ३ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेला की नेहमीच्या भाताचे उत्पन्न घटू लागते. कोरगूट हा खाजनातला भात त्याहून जास्त सोसतो. त्यामुळे कुठल्या कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) काय पेरले आहे तेही नोंदवले गेले. एका गटाने एकट्याने मोजलेला आकडा दुसरा गट कधीच मानत नाही. मोजण्याची रीत आकडा येण्याआधी ठरायला हवी ती याचसाठी.

भरतीचेही तसेच. मुरगाव बंदराचा तक्ता सर्वांकडे होता, पण खाडीत आत भरती उशिरा पोचते. तो फरक दारापाशी प्रत्यक्ष मोजून तक्त्यात मिळवला गेला. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून "रात्री दहाला दार बंद" असली कलमे आठवड्यातच निरुपयोगी होतात. वेळ घड्याळाची नको, पाण्याची हवी, हे मान्य झाल्यावर निम्मे भांडण संपले.

उपाय सुचवताना त्यावर टीका करायची नाही, टीकेची बैठक वेगळी, हा नियम तुम्ही कडकपणे पाळलात. मतदान तर घेतलेच नाही. शेतकऱ्यांची संख्या जास्त, त्यामुळे हात वर करून निर्णय झाला असता तर पावणीदार हरला असता. हरलेला माणूस रात्री मानशीपाशी एकटाच असतो. त्याऐवजी प्रत्येकाला तीनच उत्तरांची मुभा होती: पसंत आहे, पसंत नाही पण पाळेन, पाळणार नाही. "पाळणार नाही" म्हणणाऱ्याने कोणता बदल केल्यास पाळेन तेही सांगायचे. गप्प बसणाऱ्याला तुम्ही नाव घेऊन विचारलेत, कारण गप्प बसणे म्हणजे होकार असे धरून केलेले कितीतरी ठराव गावोगावी कागदावरच राहिले आहेत.

करार एका पानाचा झाला. त्यातून "शक्यतो", "गरजेनुसार" आणि "लवकरात लवकर" हे शब्द तुम्ही एकेक करून काढायला लावलेत. "पावसाळ्यात शक्यतो दार बंद ठेवावे" हे पहिले वाक्य. त्याचे शेवटी असे झाले: १ जून ते ३१ ऑक्टोबर भरतीच्या पाण्यात दाराला खुंटी मारायची नाही, ओहोटीला जाळे लावण्यास पूर्ण मुभा. मानशीच्या भिंतीवर लाल रेषा रंगवली आहे. आतले पाणी त्या रेषेवर गेले की जाळे उचलायचे, कोणाची परवानगी विचारायची नाही, आणि उचलले नाही तर बांधालगतच्या घरांपैकी कोणीही फोन करावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी दाराच्या फळ्या आणि बांध दोघांनी मिळून पाहायचा, एक शेतकरी आणि एक पावणीदाराचा माणूस, आणि वहीत दोघांची सही. पावणीच्या रकमेतला डागडुजीचा भाग वेगळ्या खात्यात. पैसे काढायला दोन गटांच्या सह्या.

मोडल्यास काय, हेही त्याच पानावर आहे. पहिल्या वेळी वहीत नोंद आणि समोरासमोर बोलणे, दुसऱ्या वेळी अनामतीतून ठरलेली कपात, तिसऱ्या वेळी पुढच्या पावणीत बोली लावता येणार नाही. एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामायिक पाणी, कुरणे, मासेमारी अशा व्यवस्थांच्या अभ्यासासाठी. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत शिक्षा अशीच पायरीपायरीने चढते, असे त्यांना आढळले. पहिल्याच चुकीला जबर दंड ठेवला तर शेजारी शेजाऱ्याची चूक लिहीतच नाही, आणि नियम तिथेच संपतो.

ज्या गावांना हे करून पाहायचे आहे त्यांनी वेळेचे भान ठेवावे. करार पावणीच्या आधी व्हायला हवा आणि पावणीच्या अटींत जोडायला हवा. अटी माहीत असलेला माणूस तेवढीच बोली लावतो. पावणी झाल्यावर अटी घातल्या तर त्याने मोकळ्या दाराची किंमत आधीच मोजलेली असते, आणि त्याची तक्रार रास्त ठरते. बोली थोडी उतरेल, ती उतरू द्यावी. फुटलेला बांध भरण्याचा खर्च त्याहून पुष्कळ मोठा.

असा करार म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामा नव्हे, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलेत. त्याला तसे बळ हवे असेल तर वाद लोकअदालतीत नेऊन तिथे तडजोड नोंदवावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर अपील नाही. म्हणूनच तिथे जाण्याआधी प्रत्येक ओळ दोनदा वाचायला हवी. आमचा कागद तुम्ही मराठीत आणि रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीत मोठ्याने वाचून घेतलात, आणि प्रत्येक गटाला दुसऱ्या गटाचे कलम आपल्या शब्दांत सांगायला लावलेत. दोन चुकीचे अर्थ तिथेच सापडले.

तुम्ही मानधन घेतले नाही, अध्यक्षाच्या खुर्चीत बसला नाहीत, आणि कोण बरोबर हे एकदाही बोलला नाहीत. त्यामुळे कराराचे प्रत्येक वाक्य आमचे आहे आणि ते मोडले तर तुमच्यावर ढकलता येत नाही. याबद्दल आम्ही तिघेही मनापासून तुमचे ऋणी आहोत. कराराची मुदत एका पावणीपुरतीच आहे. पुढच्या पावणीआधी फेरविचाराची बैठक ठेवली आहे. लाल रेषा थोडी खाली घ्यावी असे घरांचे म्हणणे आहे, आणि पावणीदाराला त्याबदल्यात १ जूनची तारीख पहिल्या मोठ्या पावसाला बांधून हवी आहे. दोन्ही सूचना लेखी आल्या आहेत, त्यांच्या प्रती या पत्रासोबत तुम्हाला पाठवत आहोत.

आपले,
खाजनातले शेतकरी, मानशीचे पावणीदार आणि बांधालगतचे रहिवासी
तिसवाडी, गोवा