पूर्वग्रहाची कार्यशाळा झाली. ऐकण्याची रीत कधी बदलणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नकळत मनात बसलेल्या पूर्वग्रहांवर अर्ध्या दिवसाची कार्यशाळा घ्यायची, हजेरीपटावर सह्या घ्यायच्या आणि प्रमाणपत्रे वाटायची, हा अनेक संस्थांचा वार्षिक विधी होऊन बसला आहे. त्यात संगणकावरची ती चाचणी बहुधा असतेच. चेहरे आणि बरे-वाईट शब्द दोन कळांनी झटपट वेगळे करायचे, मग कोणत्या जोडीला किती मिलिसेकंद जास्त लागले त्यावरून कल काढायचा. अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेली ही चाचणी मोठ्या गटांच्या अभ्यासाला उपयोगी आहे. एकेका माणसाचे निदान करायला मात्र ती कच्ची पडते, कारण त्याच माणसाने ती पुन्हा दिली तर दोन निकालांतला सहसंबंध (तंतोतंत जुळणी म्हणजे १) जेमतेम ०.५ च्या आसपास भरतो. २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात नऊ वेगवेगळे उपाय तपासले गेले. नवांचाही परिणाम लगेच दिसला आणि काही तासांत किंवा दिवसांत ओसरला. २०१९ मध्ये ४९२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा चाचणीतले गुण बदलले तरी वागणे त्यामुळे बदलते असे आढळले नाही. तेव्हा मने धुऊन काढण्याचा नाद सोडून, कोणाचे ऐकायचे आणि कसे ऐकायचे याची रीत बदलणे जास्त शहाणपणाचे.

हा प्रश्न ऐकण्याचाच आहे, हे ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये नेमके मांडले. सांगणारा कोण आहे यावरून त्याच्या शब्दाला कमी वजन मिळाले, तर जाणता माणूस म्हणून त्याची पतच नाकारली जाते, हा एक अन्याय. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्या. तो लाल आणि अवरक्त प्रकाशाने रक्तातला ऑक्सिजन मोजतो आणि त्वचेला गडद रंग देणारे मेलॅनिन त्या मोजमापात लुडबुड करते. अमेरिकेतल्या रुग्णांच्या २०२० मधील अभ्यासात, यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी ऑक्सिजन निघण्याचे प्रमाण गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांमध्ये ११.७ टक्के होते. असा रुग्ण ‘धाप लागतेय’ म्हणतो आणि यंत्र ‘९४’ म्हणते, तेव्हा खोटा कोण ठरतो? डॉक्टरच्या मनात आकस असण्याचीही गरज नाही. अशा वेळी श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत आणि शंका उरली तर धमनीतले रक्त तपासावे. केसपेपरवर काय लिहिले जाते तेही पाहावे. २०१८ च्या एका प्रयोगात एकाच रुग्णाची हकिकत साध्या आणि संशयी अशा दोन भाषांत लिहून शिकाऊ डॉक्टरांना दिली होती. संशयी नोंद वाचणाऱ्यांनी वेदनेवर हात आखडूनच उपचार सुचवले.

निवड समित्यांत वेगळीच गोम असते. अर्ज आधी वाचले जातात आणि निकष मागाहून सुचतात. आवडलेल्या उमेदवाराकडे पदवी असेल तर पदवी महत्त्वाची, अनुभव असेल तर अनुभव! २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, निकषांचे महत्त्व आधीच ठरवायला लावल्यावर हा भेदभाव नाहीसा झाला. म्हणून चार-पाच निकष आणि प्रत्येकाचे वजन अर्ज उघडण्याआधी कागदावर हवे. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक सदस्याने उत्तर संपताच स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि तक्ते जमा होईपर्यंत चर्चा नको. चर्चा सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून सुरू करावी. अध्यक्षांनी तोंड उघडले की बाकीच्यांचे आकडे आपोआप तिकडे सरकतात. नंतर गुण बदलायचा असेल तर खुशाल बदला, पण जुना आकडा वाचता येईल असा खोडून, शेजारी कारण लिहून. ‘एकूण छाप’ हा रकाना काढूनच टाका. सगळा पूर्वग्रह तिथे मुक्कामाला असतो.

नाव झाकले की काम फत्ते, असेही नाही. फ्रान्समधल्या एका प्रयोगात निनावी अर्जांमुळे अल्पसंख्याक उमेदवारांचे उलट नुकसान झाले. एक तर त्यात अल्पसंख्याकांना मुळातच अनुकूल असलेल्या कंपन्या आपणहून सामील झाल्या होत्या. शिवाय अर्जदार कोण हे ठाऊक नसल्यामुळे नोकरीतल्या खंडाला समजून घेण्याची शक्यताही गेली असावी.

तक्रारीच्या सुनावणीत सारांश हीच मोठी फट. तक्रारदाराचे वाक्य लेखनिकाच्या भाषेत शिरताना बोथट होते. म्हणून जबाब शब्दशः लिहावा, वाचून दाखवावा, दुरुस्तीला जागा ठेवावी आणि मगच सही घ्यावी. सुनावणी संपल्यावर प्रश्नही मोजावेत : ‘पुरावा काय?’ कोणाला किती वेळा विचारले आणि ‘पुढे काय झाले?’ कोणाला? दोन्ही बाजूंत मोठी तफावत दिसली, तर निष्कर्ष लिहिण्याआधी कमी तपासलेल्या बाजूला पुन्हा बोलवावे.

फ्रिकर यांनी दाखवलेला दुसरा अन्याय याहून अवघड आहे, कारण तिथे सोसणाऱ्यापाशी आपला अनुभव सांगायला शब्दच नसतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात काम करणाऱ्या कार्मिटा वुड यांनी वरिष्ठाच्या त्रासाला कंटाळून नोकरी सोडली. बेकारी भत्त्याच्या अर्जात त्यांना कारण लिहिता आले ते ‘वैयक्तिक’ एवढेच, आणि अर्ज फेटाळला गेला. ‘लैंगिक छळ’ ही संज्ञा १९७५ च्या सुमारास त्यांच्यासाठी एकत्र आलेल्या स्त्रियांच्या चर्चेतून रुळू लागली. नमुना अर्ज छापणाऱ्यांनी यातून घेण्यासारखी गोष्ट साधी आहे : कारणांच्या छापील पर्यायांखाली निदान सहा ओळींची मोकळी जागा ठेवावी, दर तिमाहीला तिथले सगळे मजकूर दोन माणसांनी वेगवेगळे बसून वाचावेत आणि तीच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत पुन्हापुन्हा येत असेल तर पुढच्या छपाईत तिला स्वतःचा रकाना द्यावा.

आपली,
मानसशास्त्राची एक अध्यापिका