बाबा, ताट संपवायची सक्ती बंद

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न.

आधी न आवडणारी बातमी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र नीट वाचाल. सोमवारपासून स्वयंपाकाला बाई येणार आहेत. ठरलंय, महिन्याचे पैसेही देऊन झालेत, त्यामुळे "बघू, पुढच्या महिन्यात विचार करू" हा मार्ग बंद. आई, आठ्या घालू नकोस. तुझ्या हाताची चव गेली असं कुणीही म्हणत नाहीये. पण त्या गुडघ्यांवर तू दोन तास ओट्याशी उभी राहतेस, बाबा दोन घासांत "पोट भरलं" म्हणतात, मग तू चिडतेस आणि जेवायच्या वेळी घरात कोर्ट भरतं. आरोपी बाबा, साक्षीदार ताट. अशा ठिकाणी कुणाला भूक लागेल?

मसाल्याचा डबा, तुझी कढई आणि वरचं फडताळ यांना हात लावायचा नाही, असं बाईंना बजावलंय. फोडणी तुझीच. चिरणं, शिजवणं, भांडी त्यांची. तू मात्र बाबांच्या समोर बसून गरम जेवायचंस, मागाहून एकटीनं गार नाही. सोबत कुणी जेवत असलं की माणूस दोन घास जास्त खातो, म्हणून हे बाबांचं औषधच समज.

आता बाबा. सहा महिन्यांपूर्वी ६१ किलो होतात, आता ५७. तुम्ही म्हणता वयानं होतं, आणि ते थोडंफार खरंही आहे. वय वाढलं की वास आणि चव मंदावतात, पोट सावकाश रिकामं होतं म्हणून जरा खाल्लं तरी भरल्यासारखं वाटतं, तहानही पटकन कळत नाही. तुम्ही नाटक करत नाही, हे मी आईला हवं तितक्यांदा सांगेन. पण सहा महिन्यांत काही न करता शेकडा ५ हून जास्त वजन उतरलं, तर डॉक्टर ते वयावर ढकलत नाहीत. तुमचं साडेसहाच्या घरात गेलंय. म्हणून थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ यांच्यासाठी रक्त द्यायचंय, आणि डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पिशवी अख्खी न्यायची. मेटफॉर्मिननं, म्हणजे साखरेच्या गोळीनं, काहींची भूक मरते. तरी एकही गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. डोळ्यांच्या थेंबांच्या वेळी काय झालं, ते आठवा.

दुसरं, कवळी. गेल्या खेपेला मी बघत होते. घास गालात धरून बसला होतात आणि जिभेनं कवळी वर दाबत होतात. वजन उतरलं की ती सैल होते, चावलं की हिरडीला घासते, मग माणूस चावायचंच टाळतो. त्यानंतर तुम्ही भात ताटभर पसरवलात, म्हणजे बराच खाल्ल्यासारखा दिसतो. बाबा, ही युक्ती माझी आहे! लहानपणी मी ती केली तेव्हा तुम्ही पहिल्याच दिवशी पकडलंत. ओरडला नाहीत. चमच्यानं सगळा भात एका जागी गोळा केलात, वर थोडं दूध ओतलंत आणि म्हणालात, "हा काय, चिमणीचा घास!" मी तो खाल्ला होता, हे लक्षात असू द्या.

तर आता मोठं ताट नकोच. छोटी बशी, दिवसातून पाच-सहा वेळा, भूक लागायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे. जे खाल ते भरीव असू द्या, नुसतं पातळ सूप पिऊन पोट भरवू नका. तुमच्या वजनाला दिवसाला साधारण ५७ ते ६८ ग्रॅम प्रथिनं लागतात आणि किडनीचे रिपोर्ट चांगले आहेत, म्हणजे अडचण नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच. दुधात दोन चमचे दूध पावडर घातली की पेला तेवढाच राहतो, प्रथिनं वाढतात. मऊ केलेल्या डाळीत थोडं तूप, सोबत दही. फिकं लागतं म्हणून मीठ वाढवू नका, बीपी आहे. लिंबू, आलं, मिरपूड वापरा. पाणी जेवणाच्या आधी घटाघटा प्यायचं नाही, दिवसभर थोडं थोडं. जेवायच्या आधी तासभर चहा नाही (हो, चारचा चहा तसाच राहील, घाबरू नका). जेवणाआधी दहा मिनिटं घरातल्या घरात फिरा. पोट साफ होत नसेल तर डॉक्टरांना सांगा, लाजायचं काय त्यात?

आई, तुला एकच मागणं. "अजून एक घास" म्हणू नकोस. बशी ठेव, समोर बस, दुसरं काहीतरी बोल. उरलं तर उरलं, दोन तासांनी परत दे.

अप्पा गेल्यापासून बाबा, तुम्ही संध्याकाळी बाहेर पडत नाही. त्याबद्दल पत्रात फार लिहीत नाही. मन खचलं की भूकही जाते, एवढं डॉक्टरांच्या कानावर मी घातलंय. रागावू नका. त्यांनी विचारलं तर उडवून लावू नका, एवढंच.

गिळताना ठसका लागायला लागला, उलट्या झाल्या, काळी शी झाली किंवा दिवसभर पाणीसुद्धा नको वाटलं, तर मला फोन करत बसू नका. आधी दवाखाना, मग फोन. रात्र असली तरी.

शुक्रवारी ११ वाजता दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. कवळी डबीत घालून नेऊ नका, तोंडात घालून जा, नाहीतर कुठं टोचतंय ते त्यांना कसं कळणार? आई, तू बरोबर जा, आणि बाबा "ठीक आहे" म्हणाले तर तू "नाही" म्हण.

तुमची,
चिमी