आई, तुझा अर्धा राहिलेला प्रश्न

इबादान, नायजेरिया
रविवार, 23 जून 2024

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा वटपौर्णिमेला फोनवर बोलता बोलता आई तू म्हणालीस, "परत यायचंच होतं, तर..." आणि तुझा आवाज गेला. मी फोन ठेवला नव्हता गं. लाईट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी रात्रीच उतरलेली, राउटर बंद. लाईट आली तेव्हा इथे संध्याकाळचे सात वाजले होते, म्हणजे तुमच्याकडे साडेअकरा. झोपमोड नको म्हणून केला नाही. तुझं वाक्य मात्र दोन दिवस डोक्यात फिरतंय. म्हटलं, यावर फोनवर बोलायला नको, फोनवर आपण दोघीही लगेच "बरं, जेवलीस का" वर येतो. लागोसहून ओळखीचं एक जण पुढच्या आठवड्यात मुंबईला चाललंय, त्यांच्याबरोबर हे पत्र देतेय.

आधी इथलं सांगते. उत्तर टाळतेय असं समजू नकोस. थोडं टाळतेय खरं.

लाईटचं म्हणाल तर, या महिन्याच्या सुरुवातीला कामगार संघटनांच्या संपात देशाचं ग्रिडच बंद झालं. मामा म्हणाल्या, "आज तरी अख्ख्या देशाला सारखा अंधार." (हो आई, सासूला मामाच म्हणतात इथे, तू हसून घे.) आमच्या गल्लीत दिवसाला सात-आठ तास लाईट असते, तीही सांगून येत नाही. एप्रिलपासून ज्यांना दिवसाला वीस तास वीज मिळते त्यांच्यासाठी युनिटचा दर 68 वरून एकदम 225 नायरा केलाय. तेव्हापासून गल्लीत दोन तट पडलेत, आपल्याला वीस तासवाल्यांत घाला म्हणणारे आणि नको रे बाबा म्हणणारे. मी दुसऱ्यांत. लाईट आली की पोरं अजून "अप नेपा!" ओरडतात. नेपा नावाचं वीज मंडळ 2005 सालीच मोडीत निघालं, 2013 मध्ये वीजवाटप खासगी कंपन्यांकडे गेलं, आणि आपला धाकटा तर इंग्लंडात, लीड्समध्ये जन्मलेला. तरी सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच.

बाबा, तुमच्यासाठी खास. इथे रस्त्यावर उभी राहिले की मला वाळूजच्या बजाज कारखान्याच्या गेटसमोर शिफ्ट सुटल्यासारखं वाटतं. मोटारसायकलवर भाड्याने नेणाऱ्याला ओकाडा म्हणतात आणि त्यातली कितीतरी वाहनं म्हणजे आपली बॉक्सर. तीनचाकीला बाहेर केके म्हणतात, इथे इबादानकडे मारुवा. बुबा मारवा हे 1990च्या दशकात लागोसचे लष्करी प्रशासक होते, त्यांनी या रिक्षा आणल्या म्हणून त्यांचंच नाव पडलं. म्हणजे तुम्ही अठ्ठावीस वर्षं ज्या लाईनवर उभे होतात, तिच्यावरून उतरलेल्या गाड्यांना इथे एका लष्करी अधिकाऱ्याचं नाव. मी रिक्षावाल्यांना सांगते, माझ्या वडिलांनी या गाड्या जोडल्यात. एकाने परवा माझ्याकडून पैसेच घेतले नाहीत. दुसऱ्याने क्लचची तक्रार सांगितली, ती तुमच्यापर्यंत पोचवायला. पोचवली.

पैशांचं विचारत होतात. आम्ही लीड्सहून इथे आलो जुलै 2023 मध्ये. त्याआधी 29 मे रोजी नवे राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी शपथविधीच्या भाषणातच पेट्रोलचं अनुदान संपल्याचं सांगून टाकलं. दोनशे नायराच्या आत मिळणारं लिटर काही दिवसांत पाचशेच्या वर गेलं. जूनमध्ये नायरा मोकळा सोडला. डॉलरला पावणेपाचशेच्या आसपास असलेला भाव आता पंधराशेच्या घरात आहे. आमची शिल्लक पौंडांत होती, म्हणून आम्हाला हे सोसलं, उलट फायद्याचंच ठरलं. याची लाज वाटते. किमान वेतन महिन्याला 30,000 नायरा आणि पन्नास किलो तांदळाचं पोतं त्याच्या दुपटीहून महाग. शेजारच्या शिक्षिका पूर्वी पोतं भरायच्या, आता कोंगोने तांदूळ घेतात. कोंगो म्हणजे आपलं मापटं समज. बाजारात बायका ते शिगोशीग भरतात आणि वर मूठभर "जारा" टाकतात. हल्ली शीग बसकी झालीये आणि जारा मागितला तर हसतात.

जावयांचं औषधाचं दुकान बरं चाललंय. कपाटातल्या बऱ्याच खोक्यांवर भारतातले पत्ते असतात, ते वाचत बसायची मला सवय लागलीये. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका मोठ्या ब्रिटिश औषध कंपनीने इथला गाशा गुंडाळला, तेव्हापासून दम्याच्या पंपाची किंमत ऐकून गिऱ्हाईक काउंटरवरून परत फिरतं. बाबा, तुम्ही याल तेव्हा तुमचे पंप तिकडूनच पुरेसे घेऊन या.

आणि आई, खाणं! तुला वाटतं मी इथे उपाशी आहे. बोडिजाच्या बाजारात उत्तरेकडून ज्वारी येते, गिनी कॉर्न म्हणतात तिला. लालसर असते, पीठ जरा कमी चिकट, पण गरम पाण्यात मळलं की भाकरी होते. पहिल्या तीन तुटल्या, चौथी फुगली, मी एकटीच ओरडले. लाल अंबाडीची बोंडं सुकवून आलं-लवंग घालून उकळतात आणि थंड करून पितात, त्याला झोबो म्हणतात. आपण अंबाडीची भाजी आणि चटणी करतो, हे ऐकून मामांना धक्काच बसला. जे आपण प्यायचं ते तुम्ही भाकरीला लावता? शनिवारी सकाळी अकारा, म्हणजे चवळीचे वडे, आणि मक्याच्या आंबवलेल्या पिठाची ओगी, थेट आपल्या आंबिलीची बहीण. अमाला काही मला अजून जमत नाही. कंदाच्या पिठाची काळपट उकड असते ती, न चावता गिळायची. पोरांना जमते. गेल्या रविवारी बकरी ईद झाली, इथे तिला इलेया म्हणतात. आमचं घर ख्रिस्ती, समोरचं मुसलमान, तरी बकऱ्याचं मटण तीन घरांतून आलं. येसर घालून रस्सा केला. येसर संपला.

पोरं बदललीत. लीड्समध्ये आजी व्हिडिओवर दिसली की "हाय" म्हणायची. इथे सकाळी उठल्या उठल्या मोठी मामांसमोर गुडघे टेकते आणि धाकटा चक्क जमिनीवर पालथा पडतो. योरुबांत रीतच आहे ती. मोठ्यांना अहोजाहो करायचं, डाव्या हाताने काही द्यायचं नाही, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि प्रत्येक गोष्टीला वेगळा नमस्कार! काम करणाऱ्याला "ए कू इशे", नुसतं बसलेल्याला "ए कू जोको". बसण्याबद्दलही अभिवादन, बाबा. निवृत्तीनंतर तुम्हाला हेच हवं होतं.

मेअखेरीस इथे राष्ट्रगीत बदललं. 1978 मध्ये टाकून दिलेलं स्वातंत्र्यावेळचं गीत पुन्हा आणलं. पोरांनी वर्षभर खपून पाठ केलेलं वाया गेलं म्हणून दोघं रुसली. मग मामा स्वयंपाकघरातून गात आल्या. त्यांच्या शाळेतलं गाणं ते, एक ओळ चुकली नाही. आठवडाभर रोज संध्याकाळी त्यांनी शिकवणी घेतली. त्याच मामांना हल्ली आपण दुपारी जेवलो की नाही हे आठवत नाही.

आता तुझ्या प्रश्नावर येते. "परत यायचंच होतं, तर इकडे का नाही आलात?" हेच ना?

मामांच्या पडण्याचा फोन लीड्सला आला त्या दिवशी त्या दहा तास एकट्या पडून होत्या. थोरले दीर ह्यूस्टनला, नणंद टोरांटोला. देश सोडून जाण्याला इथे "जापा" म्हणतात, पळ काढणं. प्रत्येक घरातून कुणी ना कुणी जापा झालेलं आणि मागे एक म्हातारी, एक पहारेकरी आणि एक जनरेटर. तुमचा जावई मला "जाऊया" म्हणाला नाही. रात्रभर नुसता बसून होता. मीच म्हणाले.

दुसरंही एक आहे, ते बाबांना वाईट वाटेल म्हणून कधी बोलले नाही. तो पुण्यात फार्मसी शिकत होता तेव्हा घर मिळवायला त्याला काय काय ऐकावं लागलं ते मी पाहिलंय. फोनवर हो म्हणायचे आणि दारात चेहरा पाहून घर गेलंय म्हणायचे. मला इथे पहिल्या दिवसापासून अख्खी गल्ली "इयावो" म्हणते, म्हणजे नवी नवरी. लग्नाला तेरा वर्षं झाली तरी नवरीच. परकी म्हणून बाजारात मला दोन पैसे जास्त सांगतात, बस, तेवढंच. त्याला तिकडे पुन्हा दारोदार उभं करायची माझी तयारी नव्हती. तुम्ही दोघं बदललात, मला माहीत आहे. बाबा दोन वर्षं बोलले नव्हते आणि आता जावयाला दर रविवारी रिक्षाचे विनोद पाठवतात. पण सगळं शहर तुम्ही नाही ना.

दादा पुण्याहून तीन-चार तासांत तुमच्यापर्यंत पोचतो, असं मी स्वतःला सांगत असते. ते पुरत नाही. मामांच्या पायाला तेल लावताना तुझे पाय डोळ्यांसमोर येतात आणि मला कुणाचा राग येतो तेच कळत नाही. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. तू विचारलंस म्हणून.

मामा रोज संध्याकाळी झी वर्ल्डवर इंग्रजीत डब केलेल्या आपल्याकडच्या मालिका बघतात. मालिकेतल्या सासवा बघून त्यांनी मला विचारलं, "तुझी आई अशी आहे का?" म्हटलं, येऊन दाखवेल.

तेव्हा ऑगस्टमध्ये या. डिसेंबर नको, हरमॅटनची, म्हणजे सहाराकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याची धूळ बाबांच्या छातीला झेपणार नाही. ऑगस्टमध्ये पाऊस जरा उघडतो आणि हवा थंड असते. अदिस अबाबावरून विमान आहे. पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो, पण बाबांचं वय पाहता आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, मग केंद्रावर जा. लागोसला आम्ही दोघं घ्यायला येऊ. रस्त्याने अंधारात प्रवास करायचा नाही हा आमचा नियम आहे, म्हणून रात्र तिथेच काढून दुसऱ्या दिवशी 2021 पासून सुरू झालेल्या रेल्वेने येऊ. 157 किलोमीटर, अडीच-तीन तास. खिडकीची जागा बाबांना.

येसर किलोभर आण. भाकरीचं पीठ मळायची काटवट मात्र आणू नकोस, वजन होईल. मी इथल्या सुताराला चित्र काढून दाखवलं आणि करून घेतली. जरा खोलच केलीये त्याने, त्याला वाटलं बाळाला अंघोळ घालायची आहे.

तुमची,
लेक