काळ सुरुंग लावत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला पूर्व तुर्कस्तानातल्या मूशच्या सुर्ब कारापेत या आर्मेनियन ख्रिस्ती मठावरचा लेख वाचला. कालच लिहिणार होतो, पण रागाच्या भरात लिहू नका, असे सौभाग्यवती म्हणाल्या. आज लिहितो आहे. राग कालचाच आहे.

मठ म्हणे 'काळाच्या ओघात नामशेष झाला'. १९१५ साली मूशच्या आर्मेनियनांची कत्तल झाली, मठ लुटला गेला आणि उरलेसुरले पुढे सुरुंगाने उडवले. काळ सुरुंगही लावतो, हे आपल्या लेखकामुळे कळले. आभारी आहे.

वर फोटो अख्तामारचा! वान सरोवरातल्या बेटावरचे ते चर्च दुरुस्त होऊन २००७ मध्ये संग्रहालय झाले. चांगले उभे आहे. 'हरवले आहेत'च्या जाहिरातीत शेजाऱ्याचा फोटो छापावा, तशातला प्रकार.

मी तिथे जाऊन आलो आहे. सहलीच्या कार्यक्रमात नव्हते, मीच हट्ट धरला. मठाच्या जागी आता चेंगिल्ली नावाचे कुर्दी गाव आहे. एका गोठ्याच्या भिंतीत कोरीव क्रूस आडवा बसवलेला दिसला. हात लावून पाहत होतो, तर घरातल्या आजीबाई चहा घेऊन आल्या. भाषा कळेना. त्यांनी क्रुसाकडे बोट केले, मग स्वतःच्या उंबऱ्याकडे. तिथलाच दगड! तेवढ्यात आमचे सहलप्रमुख बसमधून ओरडले, "काका, चला हो, नुसते दगड आहेत तिथे!" त्या नुसत्या दगडांसाठीच तर काकांनी पैसे भरले होते.

लेखात जत्रेचा तर उल्लेखही नाही. कारापेत म्हणजे बाप्तिस्मा देणारा योहान. मूशचा हा संत नवसाला पावणारा. आपण 'मुराद पूर्ण होणे' म्हणतो ना, तोच 'मुराद' शब्द त्याच्या बिरुदातही होता. वार्दावारच्या सणाला तिथे घोड्यांच्या शर्यती लागत, गावोगावचे शाहीर येत. दोरीवर चालणारे डोंबारी तर त्यालाच आपला देव मानत. हे सोडून लेखकाने अर्धा रकाना वानच्या न्याहारीवर खर्ची घातला. न्याहारी उत्तम असते, मीही खाल्ली आहे. पण लेख मठावर होता.

जाता जाता : शनिवारच्या शब्दकोड्याची उत्तरे गुरुवारी का येतात? तोवर आमच्याकडे कोडे रद्दीत गेलेले असते.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा