माकड गेम जिंकेल, पण शिकून

महोदय,

माकडाच्या हाती रिमोट दिला तर कधीतरी ते चुकून गेम जिंकेलच, असे माझे विद्यार्थी ठामपणे सांगतात. गणिताची शिक्षिका म्हणून मला हे पटत नाही. चार बटणांतले योग्य बटण सलग २० वेळा लागण्याची शक्यता सुमारे १ लाख १० हजार कोटींत एक. सेकंदाला एक क्रम करून पाहिला तरी सगळे संपायला जवळपास ३५ हजार वर्षे लागतील. आणि गेममध्ये तर अशा हजारो चाली! शिवाय माकड म्हणजे फासा नव्हे. २००२ मध्ये इंग्लंडच्या पेंटन प्राणिसंग्रहालयात सहा माकडांपुढे संगणक ठेवला. महिनाभरात पाच पाने उमटली, त्यांत बहुतेक ‘एस’ हेच अक्षर.

शिकण्याची गोष्ट निराळी. २०२१ मध्ये मेंदूत बसवायची यंत्रे बनवणाऱ्या न्यूरालिंक कंपनीने पेजर या नऊ वर्षांच्या माकडाचा व्हिडिओ दाखवला. केळ्याच्या स्मूदीसाठी ते जॉयस्टिक चालवायला शिकले होते. पुढे जॉयस्टिकची जोडणी काढली, तरी मेंदूत बसवलेल्या यंत्राच्या संकेतांवर ते ‘पाँग’ हा चेंडू टोलवण्याचा व्हिडिओ गेम खेळत राहिले. त्यासाठी त्याची कवटी उघडली, हे मला खुपते. त्याची हुशारी तर साध्या जॉयस्टिकवरच दिसली होती.

– एक शिक्षिका, सातारा